बर्फाची तालीम

चैत्र सरत आला की सुरतेत दोन गोष्टी बरोबरीनं येतात, परीक्षा आणि गलेली. गलेली म्हणजे आपले ताडगोळे. नाक्यावर गलेलीवाली बाई पाटी मांडून बसते आणि समोरून पोरं पॅड छातीशी धरून परीक्षेला जातात. मला निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या दिवसांत पोटात एक खड्डा पडतोच. आपली परीक्षा नाही, पेपर तपासायचे नाहीत, तरी पडतो. मग गलेली आणून खाते आणि स्वतःला समजावते की बाई गं, सुटलीस तू, कधीच सुटलीस.

यंदा नेमका त्याच दिवसांत वैशालीचा फोन आला. वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी. लिंबायतच्या एका खोलीत सहा भावंडांत वाढली, वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. आता ती ध्रुवाकडच्या बर्फाचा अभ्यास करते आणि उत्तरेकडच्या कुठल्याशा बेटावरच्या प्रशिक्षणाला तिची निवड झालीय. आनंदानं तिचा श्वास पुरत नव्हता. शेवटी म्हणाली, "बाई, तुम्ही पहिल्यांदा बर्फावर गेलात तेव्हा तयारी काय केली होती?"

"हरभरे भिजवले," मी म्हणाले.

तिला वाटलं, फोन नीट लागत नाहीये.

आता या बर्फवाल्यांचं सगळं रीतसर असतं. तरुण संशोधकांचे वेगळे मेळावे असतात, ते एकमेकांना घरबसल्या व्याख्यानं देतात, जुनं माणूस नव्याचा हात धरून शोधनिबंध लिहायला शिकवतं, प्रवासखर्चाचीही कुठे कुठे सोय असते. बर्फात पडलं तर काय करायचं याचासुद्धा चार दिवसांचा वर्ग असतो म्हणे. वैशाली सांगत होती, मी "हो का, हो का" करत होते. मला तिचा हेवा वाटला नाही. खरंच नाही. मला आठवत होती ती सुरतेतल्या उधन्याची आमची दोन खोल्यांची जागा, सत्तर साल उलटून तीनचार वर्षं झाली असतील तेव्हाचा उन्हाळा, आणि ओट्यावर फडक्याखाली फुगलेले हरभरे.

मी तेव्हा कॉलेजात भूगोल शिकवत होते. माहेर नाशिकचं, लग्न होऊन सुरतेत आलेली. हिमनदी हा धडा मी चार वर्षं शिकवला, हिमनदी न पाहता. वर्गातला पंखा गरम हवा ढवळायचा, बाहेर लूमची खटखट चाललेली, आणि मी फळ्यावर पांढऱ्या खडूनं हिमनदीची जीभ काढून पोरांना सांगायची की बर्फसुद्धा वाहतो, फक्त घाई करत नाही. पोरं लिहून घ्यायची. त्यांनी आणि मी पाहिलेला बर्फ एकच. परीक्षेच्या दिवसांत हातगाडीवरून, गोणपाटात गुंडाळून लादी यायची आणि ती फोडून पाण्याच्या पिंपात टाकायचे. पर्यवेक्षण करता करता मी एक तुकडा रुमालात धरून ठेवायची. हे माझं तेव्हाचं प्रत्यक्ष ज्ञान.

आमचे विभागप्रमुख देसाईसाहेब एक दिवस एक परिपत्रक घेऊन आले. एक सरकारी खातं हिमनद्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी दीड महिन्याचा वर्ग भरवणार होतं, हिमाचलात, थेट बर्फावर. शेवटचे दोन दिवस सगळ्यांची परिषद, त्यात प्रत्येकानं दहा मिनिटं बोलायचं. देसाईसाहेब म्हणाले, "अरजी करो ने, बहेन. बहु बहु तो ना पाडशे." फार तर नाही म्हणतील, एवढंच. मी त्याच दुपारी अर्ज टाकला. घरी मात्र सांगितलं नाही.

न सांगण्याचं कारण होतं बडोदं. आदल्या हिवाळ्यात बडोद्याला दोन दिवसांचं चर्चासत्र होतं आणि सासूबाईंनी मला जाऊ दिलं नव्हतं. सासरच्यांकडे खानदेशात सासूला आत्याबाई म्हणायची रीत, मीही म्हणायची. आत्याबाई धुळ्याकडच्या, सासरे गिरणीत होते म्हणून सुरतेत आलेल्या, आणि ते गेल्यावर घराचा कारभार त्यांच्याच हातात होता. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलणं तोडून. माझी नोकरी त्यांनी चालवून घेतली, कारण कॉलेज ही त्यांच्या लेखी मोठी शाळाच होती, आणि सकाळी जाऊन दुपारी परत येणारी बाई त्यांना समजत होती. पण परगावी राहायचं? तीन वर्षांची नंदा घरात असताना? "नही," एवढंच म्हणाल्या होत्या. मी रडलेसुद्धा नाही. दोन दिवसांच्या बडोद्याला नाही, तर दीड महिन्याच्या हिमालयाला काय म्हणतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

म्हणून मी रोज टपालाची वाट बघत होते आणि पत्र येऊ नये अशीही प्रार्थना करत होते.

पत्र आलं ते कॉलेजच्या पत्त्यावर. मी दुसऱ्या केंद्रावर पर्यवेक्षणाला गेलेले. शिपाई रमणभाई भले गृहस्थ, त्यांना वाटलं आनंदाची बातमी आहे, बाईंच्या घरी पोचवावी. सायकल मारत उधन्याला आले आणि दारात उभे राहून आत्याबाईंना म्हणाले, "माजी, बहेनने तालीममां जवानुं छे. दोढ महिनानी तालीम. बरफना पहाड पर."

गुजरातीत तालीम म्हणजे प्रशिक्षण. आत्याबाईंचं गुजराती भाजीवालीपुरतं. त्यांच्या कानाला तालीम हा शब्द एकाच अर्थानं माहीत होता, लाल माती, हनुमंताचा कोनाडा आणि लंगोट लावलेले पहिलवान.

मी संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर पातेलंभर हरभरे भिजत घातलेले. शेजारी पाच बदाम वाटीत. मी विचारलं, "हे कोणासाठी?"

"तुन्हासाठे," आत्याबाई म्हणाल्या. "तालीममा जाई राहिनी ना तू? मंग अंगमा ताकद नको?"

आणि त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. मी उभ्या उभ्या वाचलं. निवड झाली होती. सोबत डॉक्टरचा दाखला हवा होता, घरच्यांचं संमतीपत्र हवं होतं, आणि शक्य असल्यास आपल्या परिसरातल्या बर्फाविषयी स्वतः केलेलं एखादं निरीक्षण लिहून आणायचं होतं. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मी पाच वर्षांत कधी न पाहिलेलं, कौतुक होतं. खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणाले, "हो, बोलावलंय."

खोटं काही बोलले नाही. पण खरंही सांगितलं नाही.

बँकेतून आमचे हे आले. मी त्यांना मोरीपाशी गाठून सगळा घोटाळा सांगितला. ते आधी तोंडावर पंचा धरून पोटभर हसले. मग म्हणाले, "अगं, आई हो म्हणतेय. आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी लगेच हो म्हणतेय. तू कशाला बोलतेस? तालीम ती तालीम." या गृहस्थांनी आईला उलट उत्तर कधी दिलं नाही आणि बायकोला कधी अडवलं नाही. दोन्ही साधायचं तर गप्प राहण्याशिवाय मार्ग नव्हता, आणि त्यात ते तरबेज होते.

दुसऱ्या दिवसापासून माझी तयारी सुरू झाली. सकाळी मूठभर हरभरे, वर दूध. मग दार लोटून घेऊन बैठका. आत्याबाई पाटावर बसून मोजायच्या आणि नंदा माझ्या शेजारी, पडेल तशी उठबस करायची. साडीचा काचा मारून मी वीस बैठका घालायची आणि वर्गात जिना चढताना मांड्या धरून थांबायची. विद्यार्थ्यांनी विचारलं, "बाई, पाय दुखतोय?" भूगोलाच्या बाईनं यावर काय उत्तर द्यावं?

गल्लीत बातमी पसरायला दोन दिवस लागले नाहीत. आमच्या शेजारी सुकलालभाऊ राहायचे, शिरपूरकडचे, उधन्याच्याच बर्फाच्या कारखान्यात कामाला. ते दारात येऊन अगदी आदरानं म्हणाले, "मास्तरीणबाई, ऐकलं ते खरं शे का? बायासनी कुस्ती बी निंघनी आते?" त्यांची बायको मागून म्हणाली, "कुस्तीनं राहू द्या. तठे नेसतस काय ते इचारा." मी कसंनुसं हसले. आत्याबाई आतून म्हणाल्या, "नेसतस ते नेसतस. तुले कसाले चौकशी?"

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येत होतं. आजही मी ही गोष्ट सांगते तेव्हा लोक इथे हसतात आणि मीही हसते. पण तेव्हा मला झोप लागेनाशी झाली होती. एका शनिवारी आत्याबाई सकाळीच अनवाणी बाहेर पडल्या. परत आल्या तेव्हा पाय पोळलेले, कपाळाला शेंदूर. दूरच्या मारुतीला तेल घालून आल्या होत्या. मला जवळ बोलावून त्यांनी माझ्या कपाळाला तो शेंदूर लावला आणि म्हणाल्या, "तालीमना देव शे. तो पाठीशी ऱ्हाई." मी वाकून नमस्कार केला तो त्यांचे पाय बघायला. टाचेला फोड आला होता.

त्या क्षणी मला माझी लाज वाटली. नाही म्हणणाऱ्या सासूचा राग धरणं सोपं असतं, तो मी हिवाळ्यापासून आनंदानं धरला होता. पण फसलेल्या सासूला काय करायचं? आणि फसवणारी मी. रमणभाईंची जीभ नाही, गुजरातीतला शब्द नाही, मीच. सांगितलं तर ही निघालेली वाट बंद होणार, हे दिसत होतं. नाही सांगितलं तर मी बर्फावर उभी असताना ही बाई माझ्या जिंकण्यासाठी शनिवारी अनवाणी चालत राहणार. मी ठरवलं, सांगायचं. मग ठरवलं, उद्या सांगायचं. असं चार दिवस ठरवलं.

दरम्यान माझं निरीक्षण चालू होतं. हिमनदीवर दगडमाती पडलेली असते, तिच्याखालचा बर्फ कमी वितळतो की जास्त, असा प्रश्न मला पुस्तकात भेटला होता आणि उत्तर नीट उमगलं नव्हतं. मी सहज सुकलालभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "त्यात काय. लादी मळली की लवकर जाते. चिमूटभर राख पडली तर उघड्या लादीच्या आधी वितळती. भुसा टाकायचा तर मनगटभर टाकायचा, मंग राहती." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझ्या पुस्तकानं दीड पान घालवून जे सांगितलं नव्हतं ते या माणसानं विडी पेटवता पेटवता सांगितलं. मी रविवारी कारखान्यात येऊन तपासून बघायचं ठरवलं.

"मी बी येस," आत्याबाई म्हणाल्या. "बरफनी तालीम कशी ऱ्हास, देखू दे माले."

आता सुटका नव्हती. कारखान्याच्या मागच्या अंगणात सुकलालभाऊंनी एकाच लादीचे तीन सारखे तुकडे करून गोणपाटावर ठेवले. एक उघडा. एकावर मी बॉयलरची राख चिमटीनं भुरभुरली. तिसऱ्यावर मनगटभर जाड लाकडाचा भुसा. मग वही, पट्टी, घड्याळ. आत्याबाई उलट्या खोक्यावर डोक्यावरून पदर घेऊन बसल्या. ऊन असं की डोळे उघडत नव्हते. आतून यंत्राची धडधड आणि अमोनियाचा उग्र वास. दर पंधरा मिनिटांनी मी वाकून मोजायची, लिहायची, परत बसायची. एक बकरी बर्फ चाटायला आली, तिला आत्याबाईंनी हाकललं. तासभर हे झाल्यावर त्या म्हणाल्या, "आते तालीम कधी सुरू व्हई?"

"हीच तालीम, आत्याबाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मी सगळं सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर थांबताच येईना. गुजरातीत तालीम म्हणजे शिकवणं, कुस्ती नाही. बर्फाच्या डोंगरावर जायचं, तो मोजायचा, त्याखालचं पाणी किती निघतं ते लिहायचं, मोठी माणसं येतात, ती शिकवतात, शेवटी आपणही उभं राहून सांगायचं. मला हे पत्र आल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही हरभरे भिजवलेत तेव्हाही. मारुतीला गेलात तेव्हाही.

त्यांनी पुन्हा आलेल्या बकरीला हाकललं. मग म्हणाल्या, "काबरं नही सांगं?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हां," त्या म्हणाल्या. "नहीच म्हनती मी."

एवढा प्रामाणिकपणा माझ्यात नव्हता. मी मान खाली घालून वहीतले आकडे बघत बसले. गेलं, मनाशी म्हटलं, हिमालय गेला. आणि आश्चर्य म्हणजे तरीही छातीवरचं ओझं उतरलं होतं. आपल्याकडे एक शब्द आहे, हायसं वाटणं. तो मला फार आवडतो. आनंदाला कारण लागतं, समाधानाला काही मिळावं लागतं, पण हायसं वाटायला नुसतं काहीतरी खाली ठेवता आलं तरी पुरतं. त्या उन्हात, सगळं हातचं गेलं असं वाटत असताना, मला हायसं वाटत होतं.

आत्याबाई बर्फाकडे बघत बोलू लागल्या. मी त्यांचं इतकं लांब बोलणं तोवर ऐकलं नव्हतं. "मन्हा बाप पहिलवान व्हता. गावनी तालीम त्यानीच बांधेल व्हती. मी आठनव वरीसनी व्हसू, रोज दूधनी चरवी लई जाऊ. दारवर उभी ऱ्हाऊ. मझारथून कोनी तरी हात काढे, चरवी ले, नि दार लोटी ले. मन्हा भाऊ मन्हापेक्षा धाकला, तो मझार. मी बाहेर." मझार म्हणजे आत. हा त्यांच्या बोलीतला शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आला.

रमणभाईंचं बोलणं ऐकून ही बाई कुस्तीवर खूश झाली नव्हती. तिच्या घरातल्या एका बाईला तालमीनं पत्र पाठवून बोलावलं होतं, म्हणून ती खूश झाली होती. आणि तेच नेमकं मी आत्ता तिच्याकडून काढून घेतलं होतं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तू जाई राहिनी तठे बायासले मझार जाऊ देतस का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. आता खोटं बोलायचं नव्हतं. "पत्रात माझं नाव आहे, म्हणजे देत असतील."

आत्याबाई उठल्या, वाकल्या आणि मधल्या तुकड्याकडे बोट करून म्हणाल्या, "हाई राखवालं पहिले जाई राहिनं, देख. लिखी ले." मी लिहून घेतलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "वीस बैठकासनी काय व्हई? उद्यापासून चाळीस मार."

मला रडू आलं. पाच वर्षांत त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा रडले आणि ते असं, बर्फाच्या कारखान्यात, हातात पट्टी घेऊन. सुकलालभाऊंना वाटलं की ऊन लागलं, ते धावत पाणी घेऊन आले.

संमतीपत्रावर ह्यांनी सही केली, पण ती करण्याआधी आत्याबाईंनी त्यांच्याकडून कागद दोनदा वाचून घेतला. नंदा मी नसताना कुणाजवळ राहणार हा प्रश्न घरात निघालाच नाही. गल्लीला मात्र आत्याबाईंनी काही सांगितलं नाही. सुकलालभाऊंच्या बायकोनं विचारलं तर म्हणाल्या, "तालीमच शे. तुले नही समजाव."

हिमाचलातल्या त्या दीड महिन्याबद्दल मी एरवी खूप बोलते, ऐकणारे कंटाळतात इतकं. इथे थोडकंच सांगते. पहिल्यांदा हिमनदी पाहिली तेव्हा माझा विश्वास बसला नाही, कारण ती मळकी होती. फळ्यावरची माझी हिमनदी पांढरीशुभ्र असायची. ही दगडगोट्यांनी भरलेली, राखाडी, रस्त्याचं काम अर्धवट टाकून मजूर निघून गेलेत अशी. आणि तिच्या पोटातून सारखा पाण्याचा आवाज.

तीस-एक प्रशिक्षणार्थींत आम्ही बायका दोघी, मी आणि बंगालकडची एक मुलगी. पहिल्या सकाळी सगळे दोरानं एकमेकांना बांधून बर्फावर निघाले. आमचे प्रमुख सभ्य माणूस होते, हात जोडून आम्हाला म्हणाले, "आप दोनों बहनजी आज कॅम्प में रहिए. रजिस्टर सँभालिए." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आम्ही दिवसभर बर्फाच्या कडेला उभ्या राहून ती ठिपक्यांएवढी माणसं वर जाताना बघितली. रजिस्टरमध्ये लिहायला काहीही नव्हतं. बंगाली मुलगी पाचदा म्हणाली की मी उद्या परत जाते. माझ्या डोळ्यांसमोरून ती चरवी हलत नव्हती.

दुसऱ्या सकाळी दोघा पुरुषांना उंचीचा त्रास झाला, डोकं धरून तंबूत पडले. दोरावर दोन जागा रिकाम्या. आम्ही दोघी बूट घालून, पट्टे आवळून आधीच येऊन उभ्या होतो. कुणी बोलावलं नव्हतं. प्रमुखांनी आमच्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, मग दोराचं टोक माझ्या हातात दिलं. त्या चढावर माझे पाय एकदाही थांबले नाहीत. चाळीस बैठका वाया गेल्या नव्हत्या.

शेवटच्या परिषदेत मी दहा मिनिटं बोलले. उधन्याच्या बर्फ कारखान्याचं अंगण, तीन तुकडे, राख आणि भुसा. चिमूटभर मळ बर्फ वितळवतो आणि मनगटभर मळ त्याला राखतो, हे मी सुकलालभाऊंच्याच शब्दांत सांगितलं आणि त्यांचं नावही घेतलं. मागून एका वयस्क संशोधकांनी विचारलं, "यह मनगट कितना होता है?" मी बाही मागे सारून हात वर केला. सगळे हसले, पण त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. चहाच्या वेळी तिघंचौघं माझ्याशी बोलायला आले. पुढे कितीतरी परिषदांना गेले, काही फार मोठ्या होत्या. त्यांतलं फारसं काही आठवत नाही.

परत आले तेव्हा नाकाची साल निघालेली आणि तोंड काळंठिक्कर. नंदानं आधी ओळखलंच नाही, मग ओळखल्यावर दोन तास मांडीवरून उतरेना. गल्ली दारात गोळा झाली. सुकलालभाऊंनी विचारलं, "मंग, कोन जिकनं?" मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "पोरीले जेवू द्या पहिले," आणि सगळ्यांना वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नंदा झोपली होती, हे बँकेत. आत्याबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसून त्यांना हातभार लावत होते. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तठे तुले कोनी बाहेर उभं ठेवं का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. त्यांना बरं वाटलं असतं आणि कुणाचं काही बिघडलं नसतं.

"ठेवलं," मी म्हणाले. "एक दिवस."

त्यांचा हात सुपातच थांबला. "आनि दुसरा दिन?"

"दुसऱ्या दिवशी आत गेले. मग रोजच गेले, शेवटपर्यंत."

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. भिंतीला पाठ टेकली आणि एवढा मोठा श्वास सोडला की मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं. "दीड महिना जीव टांगेल व्हता मन्हा," त्या म्हणाल्या. मला इतके दिवस वाटत होतं की धाकधूक काय ती माझीच. ही बाई इथे, नंदाला भरवताना, पाणी भरताना, रोज माझ्याबरोबर त्या दारात उभी होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मग त्यांनी पाय लांब केले, पदर सावरला आणि म्हणाल्या, "आते सांग. मझार कसं शे?"

मी सूप बाजूला सारलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.